मुलाला कोणत्या शाळेत घालायचे?



बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा तो काय करत होता हे संत लूक मोजक्या शब्दांत सांगतो. तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता (लूक २:४६). या प्रसंगात आपल्याला आठवते ती मरिया आणि योसेफ यांची तीन दिवसांची घालमेल. ऐकणे आणि विचारणे या दोन गोष्टींकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

अमेरिकेतील हजारो ख्रिस्ती कुटुंबे आज आपल्या मुलांसाठी ज्याला ‘अभिजात ख्रिस्ती शिक्षण’ म्हणतात ते निवडत आहेत. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, त्यांच्या कानावर कदाचित हे नाव आले असेल. तिथे सरकारी शाळा मोफत असते. तरीही ही माणसे पदरचे पैसे भरून मुलांना अशा शाळेत घालतात किंवा घरीच शिकवतात. का बरे?

त्याचे मूळ एका भाषणात आहे. डोरोथी सेयर्स ही इंग्रज लेखिका रहस्यकथांसाठी प्रसिद्ध होती. पुढे तिने दान्तेच्या महाकाव्याचे भाषांतरही केले. १९४७ साली ऑक्सफर्ड येथे तिने तक्रार केली की, आपण मुलांना विषय शिकवतो, पण विचार करायला शिकवत नाही. मुले वाचायला शिकतात आणि त्याच वाचनामुळे जाहिरातींच्या आणि प्रचाराच्या जाळ्यात सापडतात. यावर तिने मध्ययुगातील जुना क्रम सुचवला: आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. लहान मूल पोपटासारखे पाठ करते, त्यात त्याला आनंद असतो, तेव्हा भरपूर पाठ करून घ्या. बारा-तेराव्या वर्षी ते उलट बोलू लागते. त्याला गप्प न बसवता नीट वाद घालायला शिकवा. त्यानंतर आपले म्हणणे सुंदर रीतीने मांडायला शिकवा. (उलट उत्तरे देणाऱ्या मुलाचा घरोघरी होणारा उद्धार ऐकला की मला या बाईंची आठवण होते.)

१९८१ साली आयडाहो राज्यातील मॉस्को नावाच्या छोट्या गावात या विचारावर एक शाळा निघाली आणि तेथून हे लोण पसरले. सुरुवात प्रोटेस्टंट बांधवांनी केली, कॅथोलिक मागाहून आले. मेरीलँड राज्यातील हायट्सव्हिल येथील संत जेरोम धर्मग्रामाची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. तेव्हा धर्मग्रामातील पालक आणि अभ्यासक एकत्र बसले, त्यांनी नवा आराखडा लिहिला आणि २०१० साली त्या शाळेने हा मार्ग धरला. शाळा तरली. आराखडा कोणा तज्ज्ञांच्या कंपनीने नव्हे, धर्मग्रामस्थांनी लिहिला होता, हे मला विशेष वाटते.

पालकांची कारणे अनेक आहेत. १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून अनेक पालकांना वाटत आले आहे की, मूल दिवसाचे सहा-सात तास अशा जागी असते जिथे देवाचा विषयच निघत नाही. श्रद्धा म्हणजे रविवारचा एक तास, असे ते नकळत शिकते. या शाळांत धर्मशिक्षणाचा तास वेगळा असला तरी गणितातला क्रम, इतिहासातला न्याय-अन्याय, काव्यातले सौंदर्य यांच्यामागे कोण आहे, हा प्रश्न दिवसभर खुला असतो.

काही पालक मात्र जगाची भीती वाटते म्हणून तिकडे वळतात. मूल चार भिंतींत सुरक्षित राहील, दुसऱ्या विचारांचा वाराही त्याला लागणार नाही, अशी त्यांची आशा. हे कारण मला पटत नाही आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेलाही ते पटणारे नाही. इ.स. ३६२ मध्ये सम्राट जुलियनने ख्रिस्ती शिक्षकांना होमर व इतर ग्रीक ग्रंथ शिकवण्यास मनाई केली. जे या ग्रंथांतील देवांना मानत नाहीत त्यांनी ते शिकवू नयेत, असे त्याचे म्हणणे. बरे झाले, असे ख्रिस्ती लोकांनी म्हणायला हवे होते, नाही का? पण नाझियान्झसचे संत ग्रेगरी संतापले. ज्ञान ही कोणा एकाची मालमत्ता नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे मित्र संत बाझिल यांनी तर तरुणांना मधमाशीचा दाखला दिला. ती सगळ्याच फुलांवर बसत नाही, आणि जिथे बसते तिथलेही सगळे उचलत नाही. उपयोगी तेवढे घेते. मधमाशीला पोळ्यात कोंडून मध मिळत नाही.

आपल्या मातीतही याचा पुरावा आहे. लॅटिन विद्येत मुरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ते आपली लॅटिन मिरवत बसले नाहीत. त्यांनी आपली भाषा ऐकली, विचारली, शिकली. १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले की, मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडील आहेत. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. आपल्याकडे प्रवेशाचे दिवस आले की चर्चा माध्यमाची, बोर्डाची, टक्क्यांची आणि देणगीची होते. त्या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईबापांना मी काय उपदेश करणार? पण फी भरली की आपले काम संपले, असे मानणारे घर आणि आठ तास राबून आल्यावरही मुलाच्या शंकेसाठी दहा मिनिटे बसणारे घर, यांत फरक पडतोच. त्यासाठी लॅटिन यावी लागत नाही.

आज संध्याकाळी रोझरी झाल्यावर शुभवर्तमानाचा हाच उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग त्यांना विचारा, येशूने आईवडिलांना न सांगता मागे राहणे तुला बरोबर वाटते का? मोठी मुले ‘चूक’ म्हणतील, तर म्हणू द्या. ‘का’ ते विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत टीव्ही लावू नका.