गाठ सापडल्यानंतर

ऑक्टोबर आला की नाशिकमध्ये स्तनांच्या कर्करोगाची तपासणी शिबिरं भरतात आणि किती महिलांची तपासणी झाली याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्यांतल्या किती जणींना बायोप्सीसाठी पाठवलं, किती जणी गेल्या, किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हे सहसा छापून येत नाही. तपासणीचा फायदा झाला की तोटा, हे मात्र त्याच आकड्यांवर ठरतं.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये सल्ला बदलला : मॅमोग्राफी पन्नाशीऐवजी चाळिशीपासून, दर दोन वर्षांनी. २००९ मध्ये याच समितीने चाळिशीत सरसकट तपासणी नको म्हटलं होतं. मग आपणही वय खाली आणावं का? आपल्याकडे हा रोग तरुणपणी होतो, असं त्यासाठी सांगितलं जातं. तरुण रुग्ण जास्त दिसतात, याचं एक मोठं कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे आहे. शिवाय कमी वयात स्तनांची ऊती दाट असते आणि मॅमोग्राफीत गाठ लपून राहते.

आपल्यासाठी अधिक मोलाचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हातांनी तपासणी केली. यंत्र नव्हतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पुढच्या टप्प्यातले कर्करोग कमी सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तशी ठळक घट दिसली नाही. चाळिशीची घाई करणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

तोटेही खरे आहेत. ब्रिटनमधल्या मार्मट समितीने २०१२ मध्ये मॅमोग्राफीचा हिशेब मांडला : एक मृत्यू टळतो, तेव्हा सुमारे तीन स्त्रियांमध्ये असा कर्करोग सापडतो, ज्याचा त्यांना आयुष्यभर त्रास झाला नसता. त्यांनाही शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. शिबिराच्या मांडवात हे कुणी सांगतं का? सांगितलं तर बायका यायच्या नाहीत, अशी भीती असते. मला ती बायकांच्या समजुतीचा अपमान करणारी वाटते.

नाशिक जिल्ह्यातला मोठा धोका मात्र वेगळा आहे. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीची पाच वर्षांतून एकदा हातांनी तपासणी व्हायची आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्ये गाठीचा प्रश्नही आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या देशातल्या शंभरात जेमतेम एकीने स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतल्याचं सांगितलं. आणि पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर गाठ सापडली, तरी पुढे नाशिकला खेप, मजुरी बुडणं, सोबतीला माणूस, कधी थेट मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची वाट. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं घरातलं कुणी म्हणतं आणि महिने जातात. तपासणीने तिला फक्त भीती दिलेली असते.

म्हणून वय खाली आणण्यापूर्वी पैसा पन्नाशीपुढच्या बाईवर आणि गाठ सापडल्यानंतरच्या वाटेवर खर्च व्हावा. तपासणीच्या दिवशीच बायोप्सीची तारीख हातात पडावी, एसटीचं भाडं मिळावं, आशाताई बरोबर जावी आणि तिला त्या दिवसाचा मोबदला मिळावा. चाळिशीतल्या बाईला दोन्ही बाजू सांगून तिचं तिला ठरवू द्यावं. जिच्या आई-बहिणीला हा रोग झाला असेल, तिचा हिशेब निराळा. आणि जिच्या हाताला गाठ लागलीच आहे, तिला वयाचा कुठलाच नियम लागू नाही. तिने त्याच आठवड्यात दवाखान्यात जायचं.