घात आणि विश्वासघात

मराठी भाषेने गणितावर कसला तरी सूड उगवला आहे, असे मला फार दिवस वाटते. नाहीतर कोवळ्या मुलांना शिकवायच्या धड्याला ‘घात’ हे नाव कोण ठेवील? अर्थात आमच्या बुलढाणा जिल्ह्याला घाताचे नवल नाही. लोणारला कधीकाळी आकाशातून असा धोंडा आदळला, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. त्या खड्ड्याचे वय पूर्वी ५२,००० वर्षे सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते ५,७०,००० च्या घरात नेले. ५.२ चे ५.७ झाले ते सोडा. पण दहाच्या डोक्यावरचा चार पुसून पाच लिहिला आणि सरोवर एका रात्रीत अकरा पट म्हातारे झाले!

आमचे गणिताचे सर म्हणत, “पोट्टेहो, घातांक दिसते लहान, पन बसते डोक्यावर. त्याले जपून राहा!” गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात, हजार म्हणजे तिसरा. गुणले की लाख, म्हणजे पाचवा. दोन नि तीन पाच, हिशेब चोख. इथवर वर्ग निमूट होता. मग फळ्यावर आले : घातांक शून्य, तर उत्तर एक. पाचाचेही एक, पाच कोटींचेही एकच. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, “सर, पाच शून्य वेळा मांडले, तर उरलं कुठं काय?”

प्रश्न रास्त होता. पण पाचाच्या तिसऱ्या घाताला त्यानेच भागा. उत्तर एक, आणि नियमाने तीनातून तीन गेले, उरले शून्य. तेव्हा इथे एक मानले नाही, तर आधी दिलेला शब्द मोडतो. आपण माणसे नियम गैरसोयीचा झाला, की “आपल्यातलाच आहे हो, जरा बघा” म्हणतो आणि त्याला व्यवहार हे नाव देतो. गणित अर्थ सुटला तरी शब्द सोडत नाही.

एक खोच मात्र आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते : ‘पाया शून्य नसावा.’ सगळ्यांना एकेक वाटत आलेला नियम नेमका ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्याच्यापाशी हात आखडतो. गणिताला निदान कारण देता येते : शून्याने भागता येत नाही. रेशनच्या रांगेतून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्याला आपण कोणते कारण देणार?