कसोटीचा दगड

परीक्षा घेणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. सोने कसाला लागले म्हणजेच त्याचे मोल ठरते, अशी माझी वीस वर्षांची श्रद्धा होती. तिला धक्का दिला एका दगडाने.

आमची शाळा पुण्याबाहेर, दगडखाणींच्या शेजारी आहे. वडील खाणीवर कामाला असलेला एक पाचवीतला मुलगा एकदा म्हणाला, "गुरुजी, खाणीत दगडाच्या पोटात कापूस असतो." वर्ग हसला, मीही हसलो. तरी दिवाळीच्या सुट्टीत, सुरुंगाचे काम बंद असताना, मुकादमाला विचारून आम्ही दोघे गेलो.

शोधायची रीत त्या पोरानेच मला शिकवली. भरीव कातळाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. दगडाला जिथे भोके होती तिथे तो थांबला. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस होता. त्यातल्या वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहिल्या आणि मागाहून झिरपलेल्या पाण्यातील द्रव्यांनी त्यांत स्फटिक घडवले. अशाच एका फुटक्या पोकळीत, चकाकत्या गारेच्या अस्तरावर, बोराएवढे दोन पांढरेशुभ्र गोळे बसले होते. जणू पिंजाऱ्याने आत्ताच पिंजून ठेवले असावेत!

"हात लावू नका हं, गुरुजी," तो म्हणाला.

पण मला ओळख पटवायची होती. अशा पोकळ्यांत मेसोलाइट आणि स्कोलेसाइट यांचेही पांढरे झुबके असतात. त्यांच्या सुया ताठ नि ठिसूळ. ओकेनाइटचे तंतू मात्र केसासारखे लवतात. शिवाय, कबूल करायला लाज वाटते, पण पोराने डिंक लावून कापूस तर चिकटवला नसेल ना, हीही शंका मनात होती. मी बोट टेकवले. तंतू लवले. ओकेनाइटच! पण बोट उचलले तरी ते तंतू पुन्हा उभे राहिले नाहीत. गोळ्यावर माझ्या बोटाचा चपटा ठसा तेवढा उरला.

"आता पटलं ना?" मुलगा इतकेच म्हणाला. तो रागावला असता तर बरे झाले असते.

मनाने लगेच माझी वकिली सुरू केली. सुट्टी संपताच हा दगड खडीयंत्रात जाणारच होता. मग एका बोटाचा एवढा बाऊ कशाला? पण ही वकिली टिकेना. खाली पडलेल्या चुऱ्यातला एखादा तंतू सुईने लववून पाहिला असता, तरी तेच कळले असते. घाई माझी होती आणि किंमत दुसऱ्याने मोजली.

शंका घेणे पाप नव्हे. पण सोने कस सोसते म्हणून सगळ्यांनीच तो सोसावा काय? घरात मुलाचे दप्तर उलटे करून आपण त्याचा खरेपणा तपासतो. दप्तरात काही सापडत नाही, मूल खरे ठरते, आणि नेमके त्याच क्षणी काहीतरी चपटे होऊन जाते. काही गोष्टी नुसत्या पाहत राहून, धीराने ओळखायच्या असतात.

तो दगड त्याने मलाच दिला. आता तो शाळेच्या कपाटात, काचेमागे आहे. नवी मुले विचारतात, "गुरुजी, हा एक गोळा कुणी बिघडवला?"

मी सांगतो, "मी."