वगळलेलं दिसू द्या

पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेघ असते. या पाठाबद्दल संपादकाची पुरती खात्री नाही, असं ती सांगते. पानावर वर स्वीकारलेली संहिता, आणि खाली बारीक टायपात कोणत्या पोथीत काय वेगळं आहे त्याच्या नोंदी. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, सगळ्या लिप्यांतल्या पोथ्या. संहितेत न घेतलेले श्लोक तारकाचिन्ह लावून तिथेच तळाशी छापलेले, आणि लांबलचक प्रकरणं परिशिष्टात. १९१९ ते १९६६ एवढा काळ हे काम चाललं, बाराशेंहून जास्त हस्तलिखितं पाहिली गेली, आणि नाकारलेली ओळदेखील वाचकापासून लपवली गेली नाही.

मी संस्कृतची शिक्षिका होते. आता साताऱ्यात दर एकादशीला एका देवळाच्या ओवरीत महाभारत सांगते. मोबाइलवर येणाऱ्या मजकुरातलं खरं-खोटं कोणी आणि कसं ठरवायचं, हा प्रश्न तिथे सारखा येतो. मला त्याचं उत्तर या पानाच्या मांडणीत दिसतं.

स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून कर्णाला भर सभेत नाकारलं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांची टीका ज्या प्रचलित पाठावर आहे, त्यात ते आहेही. पण चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत द्रौपदी असं काही बोलत नाही. ते वाक्य थोड्याच हस्तलिखितांत सापडलं, म्हणून ते तळटीपेत गेलं. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहावं, ही कथाही परिशिष्टात गेली. आणि हे घडलं कुठे, तर घरोघरी गणपती बसणाऱ्या पुण्यात. ओवरीत हे सांगितलं तेव्हा पुढे बसलेल्या एका आजींचा चेहरा उतरला. “म्हणजे गणपतीने लिहिलंच नाही?” मी आवृत्तीचा खंड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि परिशिष्टाचं पान उघडून दिलं. त्यांनी कथा पुरी वाचली. कथा कुठे गेली नव्हती. ती कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्या पोथ्यांत नाही, एवढीच भर पडली होती.

ज्याला ग्रंथ प्रिय आहे त्याने तो तपासावा का, असं श्रद्धावान माणसं मला विचारतात. मी सुकथनकरांचं नाव घेते. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन संस्कृतकडे वळले, आणि १९२५ पासून मरेपर्यंत या आवृत्तीचे प्रधान संपादक होते. इतके श्लोक संहितेबाहेर काढणारा हा माणूस अखेरीस महाभारताच्या अर्थावर मुंबईत व्याख्यानं देत होता, आणि मालिका पुरी होण्याआधीच, १९४३च्या जानेवारीत, गेला. ती व्याख्यानं वाचताना त्यांची ग्रंथावरची भक्ती जागोजाग जाणवते. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळातून एक जुनी पोथी पुढे आली, तेव्हा त्यांनी स्वतंत्र लेख लिहून ती आपल्या निर्णयांशी ताडून पाहिली. निर्णयामागची कारणं छापलेली होती, म्हणूनच नव्या पुराव्याला त्यांची परीक्षा घेता आली.

आता याच्या उलट टोकाचं. २०१८च्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि पळतात. मुळात ती कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवटचा तो भाग कोणीतरी कापला होता, आणि कापल्याची खूण कुठेच नव्हती. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी तेव्हा गावंच्या गावं पेटली होती. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवड्याच्या बाजारादिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण जमावाच्या हाती सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना जीव जाईपर्यंत मारलं. पिढ्यान् पिढ्या दारोदार भिक्षा मागणारी ही माणसं. “हे तुला कसं कळलं?” एवढं एकानेही एकाला विचारलं असतं तर! हा विचार आला की अजूनही माझा घास अडतो.

ऐकलेलं खरं मानायचं की नाही, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला आहे. मीमांसक म्हणतात, झालेलं ज्ञान बाधक पुरावा येईपर्यंत प्रमाणच धरायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावं लागतं. रोजच्या जगण्यात मी मीमांसकांच्या बाजूची आहे. शेजारीण म्हणाली पाणी सहाला जाणार, की मी हंडे भरून ठेवते. पण ऐकलेल्या गोष्टीत कोणावर आरोप असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, तिथे नैयायिकांच्या बाजूला जाणं मी कर्तव्य समजते. आणि न्यायदर्शनाची खरी शिकवण पुढेच आहे. अनुमान स्वतःपुरतं असेल तर मनात झालं तरी चालतं. दुसऱ्याला पटवायचं असेल तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाचही पायऱ्या बोलून दाखवाव्या लागतात. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी तर विश्वासार्ह वक्त्याचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना एकच लावलं. ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. कूळ आणि पद यांना तिथे जागा नाही.

म्हणून नुसता ‘खोटं’ असा लाल शिक्का मला पुरत नाही. तो मारणाराही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढंच म्हणत असतो. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची माहिती खोटी आहे का, हे सरकारच्याच कक्षाने ठरवावं असा २०२३चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये रद्द केला, तेव्हा मला फार बरं वाटलं. तथ्य तपासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत स्रोत, पद्धत आणि पैसा उघड करण्याची अट आहे. तीच योग्य.

आमच्या ओवरीत आम्ही हे आमच्या परीने करतो. अहिंसेला परम धर्म म्हणणारं महाभारतातलं वचन सगळ्यांच्या ओळखीचं. त्याला हिंसेची भलामण करणारा एक उत्तरार्ध जोडून तो व्यासांच्या नावाने फिरतो, फोनवरही आणि भाषणांतही. आम्ही आवृत्तीची प्रतीकसूची घेऊन बसलो. तिच्यात श्लोकांचे चरण अकारविल्हे लावलेले आहेत, त्यामुळे देवनागरी येणाऱ्या कोणालाही शोधता येतं. अहिंसेचं वचन एकाहून जास्त ठिकाणी मिळालं, उत्तरार्ध कुठेच मिळाला नाही. मग सूचनाफलकावर कागद लावला. दावा काय होता, कुठे शोधलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, शोधलं कोणी. खाली लिहिलं, ‘कोणाला सापडल्यास पर्व, अध्याय आणि श्लोक कळवावा, कागद बदलू.’

नेहमी येणारे एक काका चिडले. “शब्द व्यासांचे नसतील, पण अर्थ बरोबर आहे. मी पाठवणारच.” मी म्हटलं, “काका, अवश्य पाठवा, पण स्वतःच्या नावाने पाठवा. व्यासांचं नाव खाली घालू नका.” त्यावर त्यांनी धर्मयुद्धापासून गीतेपर्यंत सगळं काढलं, आणि त्यातले दोन मुद्दे विचार करण्याजोगे होते. ते त्याच कागदावर लिहून घेतले. खाली काकांनी सही केली आणि पुढच्या एकादशीला गीताप्रेसची प्रत घेऊन येतो म्हणाले.