तुम्ही ठरवाल ते

लग्नाच्या वाढदिवसाला सिनेमा बघायचा, हा आमचा जुना शिरस्ता. तो टिकला यात प्रेमाइतकाच सोयीचाही वाटा आहे. हॉटेलात समोरासमोर बसलं की बोलावं लागतं. थिएटरात दोघांची तोंडं पडद्याकडे. कुणी कुणाला काही विचारत नाही आणि दिवस एकत्र घालवल्याचं समाधान पदरात पडतं.

आमचा वाढदिवस जानेवारीतला. २०१६ च्या १ जानेवारीला ‘नटसम्राट’ लागला, तेव्हा त्या वर्षी दुसऱ्या सिनेमाचा विचारच झाला नाही. शिरवाडकरांचं मूळ नाटक १९७० चं. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर आणि शांता जोगांची कावेरी यांच्याबद्दल सासूबाई भरभरून बोलायच्या. महेश मांजरेकरांच्या सिनेमात त्या जागी नाना पाटेकर आणि मेधा मांजरेकर होते.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त झालेला मोठा नट हौसेनं आपलं सगळं मुलांना वाटून टाकतो. मग मुलांच्याच घरात त्याची अडचण व्हायला लागते, मुलीकडे चोरीचा आळ येतो आणि त्या फरफटीत कावेरी जाते. लोक बहुधा त्याच्यासाठी रडतात, कारण स्वगतं त्याची आहेत. मी रडले ती कावेरीसाठी. वाटणी त्यानं केली, भोगलं मात्र तिनंही. बाहेर पडताना हे म्हणाले, “फार सोसलं गं त्या बाईनं.” मी म्हटलं, “बायकांना सोसावंच लागतं.” हे गप्प झाले.

माझ्या त्या बोलण्याचा रोख कावेरीकडे नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. गावच्या शेतीत यांचा वाटा होता. धाकट्या भावाची ओढाताण बघून यांनी त्याच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. सही करण्याआधी मला विचारलं होतं. मी म्हटलं, “तुम्ही ठरवाल ते.” मनातून मला ते अजिबात पसंत नव्हतं. पुढे घराचे हप्ते जड जायला लागले, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, तेव्हा तेव्हा ती जमीन माझ्या बोलण्यात येत राहिली. सरळ नाही, टोमण्यातून.

मी तेव्हा गप्प का राहिले? पहिलं उत्तर तयार होतं: घरात वाद नको म्हणून. दुसरं: सासरच्या जमिनीत सुनेनं तोंड घालू नये म्हणून. दोन्ही ऐकायला चांगली आहेत आणि थोडीफार खरीही. पण त्यांच्या तळाशी वेगळंच काही होतं. नको म्हटलं असतं तर दीर-जावेच्या नजरेत मी वाईट ठरले असते. हो म्हटलं असतं तर पुढच्या ओढगस्तीला मीही जबाबदार झाले असते. गप्प राहिल्यानं चांगुलपणाही शाबूत राहिला आणि वर ऐकवायची सोयही झाली. यांनी जमिनीवरचा हक्क सोडला. मी तक्रारीवरचा सोडला नाही.

म्हणूनच कावेरीशी माझी बरोबरी होत नाही. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना कुणी विचारलंच नाही. त्यांच्या गप्प राहण्याला दोष देणं अन्यायाचं होईल. मी मात्र बँकेत नोकरी करत होते, पगार माझ्या खात्यात जमा होत होता. मला विचारलं गेलं होतं आणि उत्तरासाठी थांबलंही गेलं होतं. तरी थिएटरात मी त्या बायकांचं दुःख फुकटात माझ्या नावावर करून घेतलं.

यांची बाजूही निव्वळ स्वच्छ नसेल. माझ्या स्वरातली नाराजी त्यांना कळली असणार. ती न कळल्याचं दाखवणं त्यांच्या सोयीचं होतं. पण तो हिशेब त्यांचा, त्यांनी मांडावा. माझ्या हिशेबात तो माझी रक्कम कमी करण्यासाठी धरता येणार नाही.

बोलायची मोकळीक असताना गप्प बसायचं आणि नंतर वर्षानुवर्षं ऐकवायचं, याला सोसणं म्हणू नये. माझ्या वयाच्या मैत्रिणींना एवढंच सांगेन: वाढदिवसाला सिनेमाला जरूर जा. पण घरातला निर्णय समोर आला आणि तुम्हाला विचारलं गेलं, तर हो की नाही ते स्पष्ट सांगा आणि त्याचे परिणाम नवऱ्याच्या बरोबरीनं आपलेही माना.