नावाच्या मधोमध

सातवीच्या स्कॉलरशिपचा अर्ज भरताना ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी माझं पेन अडलं. वडील जाऊन दोन महिने झाले होते. नावाआधी ‘कै.’ लावायचं की नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालच्या रकान्यात व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, ‘एस.टी.त कंडक्टर’. सरांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता गठ्ठ्यात ठेवला. मी खोटं लिहिलं होतं, हे मला कळत होतं. पण तेवढी एकच ओळख मला ठाऊक होती. गावात, शाळेत, स्टँडवर मी कंडक्टरचा मुलगा होतो.

मराठी मुलाच्या नावातच वडील असतात, अगदी मधोमध. प्रगतिपुस्तकावर, दाखल्यावर, बक्षीस समारंभात माइकवरून ते नाव येत राहतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचंही नाव लावायचं असं राज्य सरकारने ठरवलं, ते योग्यच झालं. ‘मी कोण’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘मी कुणाचा’ हेच असतं. त्यातलं माणूस गेलं की मुलाला दुःख होतं, आणि त्याबरोबर त्याचं स्वतःचं उत्तरही हातातून निसटतं. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि आपण मोठी माणसं त्यातली पहिलीच पाहतो.

आणि मग काय करतो? मुलाला एक तयार ओळख देऊन टाकतो. दहाव्याला मी घाटावर उभा होतो. डोक्याचा गोटा केलेला, ओलं धोतर कमरेवर ठरत नव्हतं. पिंडाला कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, जीव पोरात अडकलाय. काका माझ्या कानाशी वाकले, “म्हण, मी आईला सांभाळीन.” मी म्हणालो. कावळा आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मी बारा वर्षांचा कर्ता पुरुष झालो. त्यानंतर कितीतरी दिवस क्रिकेट खेळताना हसू आलं, की काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं. मी रडलो नाही, याचं नातेवाइकांनी कौतुक केलं.

मुलींच्या वाट्याला हेच दुसऱ्या रूपात येतं. आई गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला ‘आता धाकट्याची आई तूच’ असं सांगितलं जातं. तिच्या पोळ्या कशा गोल होतात ते चारचौघांत सांगतात. तिची वेणी कोण घालतं, हे कुणी विचारत नाही.

घराची गरज खरी असते, हे मी नाकारत नाही. मिळवतं माणूस गेल्यावर पोरांना दळण आणावं लागतं, रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. मीही राहिलो, आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. पण हातभार लावणं वेगळं आणि गेलेल्याच्या जागेवर बसवलं जाणं वेगळं. जागेवर बसवलेल्या मुलाला त्या माणसासाठी रडता येत नाही, कारण त्याने आता तो माणूसच व्हायचं असतं.

फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी अमेरिकेत आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं अभ्यास केला. ही मुलं गेलेल्या माणसाला विसरत नव्हती. त्याच्याशी मनात बोलत होती, त्याच्या वस्तू जपत होती, आणि स्वतः वाढत जाताना ते नातंही नव्याने घडवत होती. आपल्याकडे ‘विसर आता’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं. ‘श्यामची आई’ आपण संस्कारांचं पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. मला ते शोकाचं पुस्तक वाटतं. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिलं. मधे पंधरा वर्षं गेली. त्यातला श्याम रात्रीमागून रात्री आईबद्दल सांगतो आणि सांगता सांगता आपण कोण आहोत तेच सांगत जातो.

मला अशी एकच रात्र मिळाली. वडिलांबरोबर ड्युटी करणारे एक ड्रायव्हरकाका उशिरा भेटायला आले. ओट्यावर बसून चहा पिताना ते म्हणाले, “मुक्कामी गाडीला तुझा बाप टपावर अंथरूण टाकायचा आणि मोठमोठ्यानं गायचा. सूर काही लागायचा नाही. आम्हाला झोपू द्यायचा नाही.” घरात वडील कधी गुणगुणलेही नव्हते. आणि मी गायचो, चोरून, विहिरीवर. ‘हा कुणावर गेलाय कोण जाणे’ असं आजी म्हणायची. त्या रात्री ते मला कळलं. काका गेल्यावर मी गोधडीत तोंड खुपसून पहिल्यांदा पोटभर रडलो.

अशा घरी भेटायला जाल तेव्हा मुलाला ‘आता तू मोठा झालास’ असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या बाबांची किंवा आईची एखादी अशी गोष्ट सांगा, जी घरात कुणालाच माहीत नाही.