दोन वाजता फाटकाशी

बारावीची परीक्षा सुरू झाली की सकाळी भाट्ये पुलावरून रत्नागिरीकडे दुचाक्यांची रीघ लागते. परवा शेजारची मुलगी वडिलांच्या मागे बसून निघाली आणि वाडीतल्या पाच-सहा तोंडांतून एकदमच आलं, "बेस्ट लक!" त्यात माझंही तोंड होतं. तिच्या आईने मात्र तळहातावर दही-साखर घातली, लेकीने ती चाटून संपवेपर्यंत मनगट धरून ठेवलं आणि म्हणाली, "घाई करू नको. प्रश्न पुरता वाच, मग लिही. ये."

'तुझं नशीब उत्तम निघो' असं वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीला मराठीत कुणी म्हणेल का? तिला ते लागेल. 'बेस्ट लक' म्हणताना आपण तेच म्हणतो, फक्त बोच जाणवत नाही. शुभेच्छा खोटी नाही. ऐन दिवशी ताप येणं न येणं कुणाच्या हातात असतं? तेवढ्यापुरती ती खरीच आहे.

नशीब हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ वाटा, हिस्सा. हा अर्थ मला मोलाचा वाटतो. वाटा म्हटलं की कुणाचा किती, हे विचारता येतं.

आमच्या काजळी नदीच्या मुखाशी उभं राहून ते विचारावं. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठली की पलीकडच्या राजिवड्यातल्या होड्या बाहेर पडतात. वारा कसा फिरेल, जाळ्यात काय येईल, हा नशिबाचा वाटा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. ते गणित पक्कं ठेवणं हा तांडेलाचा वाटा. आणि मुखाशी साचणारा गाळ? ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं, लाट फुटते, होडी टेकते. तो गाळ उपसायचा वाटा दैवाचा नाही, तांडेलाचाही नाही. तो सरकारचा, आणि सरकारमागे तगादा लावायचा वाटा काठावर राहणाऱ्या आपला. होडी कलंडल्यावर 'नशीब बिचाऱ्याचं' म्हणून हळहळणं मला सहन होत नाही.

आमच्या घरात कुणी 'जातो' म्हणालं तर आजी उंबरठ्याच्या आत परत बोलवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. मग स्वतः "सांभाळून ये" म्हणायची, आणि ते माणूस परत येईपर्यंत जेवायला बसायची नाही. तिच्या शुभेच्छेत तिचा वाटा असा होता.

काल मुलीच्या वडिलांना कामावरून सुटका नव्हती. मी तिला विचारलं, "पेपर किती वाजता सुटतो गं?"

"दोन-सव्वादोनला."

दोनला मी स्कूटर घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभी होते.